थुसोची आई

मालुतीच्या डोंगरात तट्टांवरून फिरायला येणाऱ्या पाहुण्यांचा दुसरा मुक्काम हा-मोत्सामाई गावात, माथुसोच्या झोपडीत असतो. पहिल्या दिवशी धबधबा बघायचा, ज्यांची छाती असेल त्यांनी दोराला लटकून त्याच्या कड्यावरून खाली उतरायचं, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या सोलवटून घेत डोंगर चढून इथली संस्कृती बघायला वर यायचं. ही संस्कृती म्हणजे माथुसो. तिची गोल दगडी झोपडी, शेणाने सारवलेली जमीन, भिंतीवर बोटांनी ओढलेली नक्षी, ज्वारीची दारू तयार झाली की दारातल्या उंच काठीवर चढवलेलं पांढरं फडकं, आणि खुद्द ती, घोंगडी पिनेने अडकवून दारात उभी. ज्यांच्या घरी नळ फिरवला की गरम पाणी येतं, त्यांना तिने ओढ्यावरून डोक्यावर आणलेल्या बादलीचं भारी कौतुक. काही जण ती बादली स्वतःच्या डोक्यावर घेऊन बघायचे, निम्मं पाणी सांडायचे आणि खिदळायचे. ते निम्मं पाणी आणायला माथुसो पुन्हा ओढ्यावर जायची.

पाहुण्यांना घेऊन येणारा वाटाड्या खोआबाने. माणूस चांगला, पण पाहुण्यांसमोर त्याची जीभ सैल सुटायची. माथुसोकडे बोट करून तो सांगायचा, की आमच्याकडे नवरी घरात आली की सासू तिला नवं नाव देते, आणि ते नाव तिच्या पोटी पुढे जे मूल येणार त्याचं असतं. मूल व्हायच्या आधीच ती अमक्याची आई होते. ही मा-थुसो, म्हणजे थुसोची आई. पाहुणे माना डोलवायचे. मग त्यांच्यातली एखादी बाई हमखास विचारायची, की थुसो कुठे आहे. पूर्वी, पाहुणे थोडे येत आणि इथे मुक्काम करत नसत तेव्हा, हा प्रश्न आला की खोआबानेला एकदम तट्टाचा पट्टा सैल झाल्याचं आठवायचं.

माहेरी तिचं नाव न्थाटी होतं. लग्नाच्या दिवशी सासूने तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, आजपासून ही माथुसो. न्थाटी तेव्हा लाजली होती. नवरा मोलेफी सरहद्दीपलीकडे सोन्याच्या खाणीत होता, नाताळला आणि ईस्टरला घरी यायचा. नाताळ आले आणि गेले, ईस्टर आले आणि गेले, थुसो काही आला नाही. वांझ बाईला इतर गावं निदान पाठीमागे बोलतात. इथे तिला तोंडावर, रोज, आणि आदराने बोलत. माथुसो, पाणी आणलंस का. माथुसो, मीठ आहे का घरात. कोणाच्या मनात काही नसायचं, तिचं नावच ते होतं. पण न झालेल्या पोराच्या नावाने दिवसातून शंभरदा हाक ऐकायची, आणि प्रत्येक हाकेला ओ द्यायची, म्हणजे काय असतं ते तिचं तिलाच माहीत.

धाकटा दीर मोएकेत्सी याची बायको तिच्या मागून घरात आली. तिला सासूने मापित्सो केलं, आणि दोन वर्षं उलटायच्या आत पित्सो रांगायलाही लागला. त्याच्या पाठीवर दुसरा आला, आणि दुसरा अंगावर पीत असतानाच तिसरा. मापित्सो वाळून काटकी झाली होती. तेव्हा सासूने ठरवलं. तिसऱ्याचं दूध तोडलं आणि म्हातारीने स्वतः त्याला पाठीशी बांधून अंगण ओलांडलं, माथुसोच्या दारात आणून ठेवलं. त्याचं आधी जे काही नाव होतं ते त्या अंगणातच पडलं. आता हा थुसो, म्हातारी म्हणाली. आपण त्या दिवशी फार रडलो, असं मापित्सोने पुढे सांगितलं. रडताना तिला कोणी बघितलं नव्हतं. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली होती, "ने बाई. एक तोंड कमी झालं."

माथुसोने त्या तोंडात घास घातले. गोवर आला तेव्हा बर्फातून तट्टावर घालून दवाखान्यात नेलं. उकळत्या पातेल्यात पाय गेला तेव्हा महिनाभर त्याला खाली टेकू दिला नाही. मोलेफी खाणीतून खोकला घेऊन आला आणि त्या खोकल्यातच गेला, तेव्हा तिने काळं फडकं गुंडाळलं, डोकं भादरलं, आणि त्या दिवसांत रात्री पाठीला चिकटून झोपलेलं ते पोर नसतं तर आपण उठलोच नसतो असं तिला अजून वाटतं. मग सासूही गेली. खाणीचा पैसा बंद झाला. तट्टांवरच्या सहली काढणारी खालच्या लॉजची मालकीण पाहुण्यांच्या मुक्कामासाठी गावात एक झोपडी शोधत होती. माथुसोने मोलेफीची झोपडी झाडली, सारवली, आणि स्वतः स्वयंपाकाच्या झोपडीत निजायला लागली.

थुसो तट्टांतच वाढला. मोठा झाला तसा खोआबानेच्या बरोबरीने पाहुण्यांना ने-आण करू लागला. घसरड्या उतारावर घाबरलेल्या माणसाच्या तट्टाचा लगाम धरून तो असा शांत चालायचा की वरचा माणूस रडायचा थांबायचा. कड्यावर दोर बांधायचं कामही तो शिकला. आता खोआबानेने नावाची गोष्ट सांगितली, की लगेच थुसोच्या खांद्यावर हात ठेवायचा, आणि हा तो, म्हणायचा. पाहुण्यांना गोष्टीचा शेवट गोड झाल्यासारखं वाटायचं. माथुसो वर बघायची नाही, दारू गाळत राहायची, पण तिचे कान तिकडेच असायचे. ती जागा खोआबानेने सांगायची राहून गेली तर तिला चुकल्यासारखं व्हायचं.

मग पित्सो गेला. सरहद्दीपलीकडे वेल्कोमला ज्या खाणी मालकांनी सोडून दिल्यात, त्यांत चोरून उतरणाऱ्या टोळ्या असतात. पित्सो एका टोळीबरोबर उतरला आणि वर आला नाही. कोणीतरी निरोप पाठवला, एवढंच. पुरायला काही नव्हतं. मापित्सो जमिनीवर गादी टाकून भिंतीकडे तोंड करून बसली, आणि माथुसो तिच्या शेजारी बसली. आल्यागेल्याला मक्याच्या पिठाचा घट्ट पापा शिजवून घातला, पालेभाजी केली, तिचे केस भादरले. सांत्वनाला येणारी प्रत्येक बाई दारातूनच हाक मारायची, "मापित्सो, मापित्सो," आणि प्रत्येक हाकेला ती दचकायची. माथुसोला तिची मनापासून कीव आली. नसलेल्या पोराच्या नावाने हाक येते तेव्हा काय होतं ते तिच्याइतकं कोणाला कळणार. आणि खरं सांगायचं तर पोटात कुठेतरी तिला बरंही वाटलं, की आता हिला कळेल. त्या विचाराची तिला लाज वाटली, पण यायचा तो आलाच.

पित्सो गेला त्याच्या पुढच्या वर्षी थुसोच्या डोंगरावर जाण्याचं निघालं. खरं तर उशीरच झाला होता. त्याच्या बरोबरीची पोरं, मापित्सोचा दुसरासुद्धा, कधीच डोंगरावर जाऊन पुरुष होऊन आली होती. याला लॉजची मालकीण दर वर्षी म्हणायची, एवढा हंगाम होऊ दे, मग जा. त्यामुळे हा इतका उंच झाला, मिशा फुटल्या, तरी गावाच्या लेखी पोरगाच राहिला. पुरुष गोठ्याशी बोलत बसले की हा बाहेर. एकदा त्याच्याहून लहान असलेल्या एकाने पाहुण्यांच्या देखत त्याला हाक मारली, "ए पोरा, माझं तट्टू धर." त्याने धरलं. त्या रात्री तो जेवला नाही. ताट बाजूला सारून म्हणाला, "आई, मी म्हातारा होईपर्यंत पोरगाच राहू का?"

डोंगरावर जाणाऱ्या पोराच्या मागे बाप म्हणून एक पुरुष उभा राहावा लागतो. तो बोकड देतो, पोराला हवाली करतो, आणि पोर परत येतं तेव्हा त्याचं पुरुषाचं नाव काय असावं हे सुचवायचा मान त्याचा असतो. नदीपलीकडे माथुसोचा सख्खा भाऊ होता. तो आपण होऊन आला आणि म्हणाला की मी उभा राहतो, बोकडही माझाच. खोआबानेनेही तिला बाजूला घेऊन तेच सांगितलं.

"भावाला उभा कर," तो म्हणाला. "मोएकेत्सीच्या हातात देऊ नकोस पोर."

"माझ्या भावाने दिलं तर गाव काय म्हणेल? बाईने माहेरून आणलेलं पोर, असं म्हणेल. तो मोलेफीच्या घरचा आहे. त्याच घरच्या पुरुषाने त्याला न्यायला हवं."

"गाव दोन दिवस म्हणेल आणि गप्प बसेल."

"गाव कधी गप्प बसलंय माझ्याबाबतीत," माथुसो म्हणाली.

हट्ट होता तिचा. सगळं रीतीने व्हायला हवं, कोणाला बोट ठेवायला जागा राहायला नको. ज्या बाईचं मातृत्वच उसनं, तिला रीतीची फार काळजी असते. ती धुतलेली घोंगडी घालून अंगण ओलांडून दिराकडे गेली. मोएकेत्सीने टोपी काढली. वहिनी, तुम्ही माझ्याकडे आलात, थोरलेपणा राखलात, असं म्हणाला. मापित्सोने तिच्यासाठी स्टूल आणून ठेवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात तिला कोणी स्टूल दिलं होतं. इतक्या चटकन हो कसं म्हणाले, हा विचार तिच्या मनात आला नाही. ती खुशीत परत आली, आणि त्या दिवशीची दारू तिने शेजाऱ्यांना फुकट पाजली.

थंडीत पोरं डोंगरावर गेली. वर काय होतं ते बाईमाणसाने विचारायचं नसतं आणि पुरुषाने सांगायचं नसतं. माथुसो कामाला भिडली. पाहुण्यांचं धुणं केलं, दारू गाळली, रात्री बायका-पोरींना जमवून पाहुण्यांसमोर गाणी म्हटली, आणि त्या सगळ्यातून मक्याच्या कणसाची नक्षी असलेली जाड घोंगडी घेतली. दुकानात त्याहून भारी नव्हती. पोर पुरुष होऊन उतरतं ते नव्या घोंगडीत. ती बापाच्या हाती वर पाठवायची असते. तिने ती मोएकेत्सीकडे पोचती केली. मापित्सोने कापडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चांगली आहे, ताई. शोभेल त्याला."

पीचच्या झाडांना फुलं आली तेव्हा पोरं उतरणार असं कळलं. लॉजच्या मालकिणीला हेही कळलं. तट्टू झालं, धबधबा झाला, दोर झाला, दारू झाली, आता हे. तिने गावच्या प्रमुखाकडे खेपा घातल्या, मोएकेत्सीने मध्ये पडून जमवलं, आणि ठरलं की पाहुण्यांनी गोठ्याच्या खालच्या अंगाला उभं राहायचं, फोटो काढायचे नाहीत, मध्ये बोलायचं नाही. खोआबानेला ते पसंत नव्हतं, पण त्याचं पोट लॉजवर होतं.

त्या दिवशी डोंगराच्या कण्यावर धूर दिसला. पोरं जिथे राहिली ती झोपडी जाळतात, पोरपणीचे कपडे तिच्यातच जातात, आणि पोरं मागे वळून न बघता खाली उतरतात. बायका ओरडून आनंद करायला लागल्या. मग ती ओळीने आली, गेरूने लाल झालेली, माना खाली, घोंगड्या डोक्यावरून ओढलेल्या. तोंडं दिसत नव्हती. माथुसोने मक्याचं कणीस ओळखलं. घोंगडी नसती तरी चालीवरून ओळखलं असतं, भाजलेला पाय तो अजून जरा जपून टाकायचा.

एकेक जण पुढे येऊन आपली स्वतःची स्तुती म्हणत होता. ती वर डोंगरावरच रचतात, प्रत्येकाने आपली. कोण मी, कोणाच्या घरचा, काय केलं, काय करीन. आईचं नाव त्यात असतंच. माथुसो त्या एका नावासाठी उभी होती. जन्मभर ज्या नावाने तिला टोचलं होतं ते आज तो पुरुष म्हणून, सगळ्या गावासमोर, आपल्या तोंडाने घेणार होता. मग काही म्हणायचं उरणार नव्हतं कोणाला.

तो पुढे आला. आवाज फुटला होता, जड झाला होता.

"मी पित्सो. मोएकेत्सीच्या घरचा.
बर्फातून तट्टू काढतो, कड्यावरून दोर सोडतो.
दुसऱ्या चुलीच्या राखेत माझे पाय शेकले,
पण माझ्या आईची चूल मी विसरलो नाही.
मापित्सो, तुझा मुलगा जमिनीखालून वर आलाय."

माथुसोला वाटलं, ओळ चुकली. दुसराच कोणी आहे हा, घोंगडीची अदलाबदल झाली. तिच्या तोंडून हाक गेली. "थुसो."

पुरुषाला त्याच्या पोरपणीच्या नावाने हाक मारायची नसते, आणि या दिवशी, या जागी तर नाहीच. एवढी रीत पाळणाऱ्या बाईकडून ती मोडली गेली. तो हलला नाही, मान वर केली नाही. पोरांना शिकवणारा म्हातारा काठीवर रेलून उभा होता. तो न रागावता म्हणाला, "त्या नावाचं इथे कोणी नाही, बाई."

तेवढ्यात मापित्सोने किलकारी मारली आणि धावत जाऊन त्याच्या गळ्यात मण्यांची माळ घातली. ती रडत होती, आणि या वेळी सगळ्यांनी बघितलं. खाली उभ्या असलेल्या पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, की ती म्हातारी मघाशी काय ओरडली. खोआबानेने मान फिरवली.

"आनंदाने ओरडली," तो म्हणाला.

रात्री पाहुणे तिच्याच झोपडीत उतरले होते. तिने त्यांना जेवायला वाढलं. गावातल्या बायका येऊन समजूत घालत होत्या, की त्याने तुझी आठवण ठेवली की गं, चुलीचं म्हणाला ना. माथुसोच्या जिवाची लाही लाही होत होती. चुलीचं नाही, राखेचं म्हणाला होता.

दोन-तीन दिवस ती अंगण ओलांडून गेली नाही. मग गेली. मापित्सो दारात मका भाजत होती.

"तू हे ठरवून केलंस," माथुसो म्हणाली.

"हो. ठरवूनच केलं. मीच यांच्या मागे लागले." मापित्सोने कणीस फिरवलं. "ताई, तुमचं नाव रिकामं होतं, तेव्हा माझ्या पाठीवरचं पोर सोडून मी ते भरलं. माझं रिकामं झालं, तेव्हा कोणाकडे बघायचं होतं मी?"

"तू भरलंस? तू म्हणाली होतीस, एक तोंड कमी झालं."

"म्हणाले असेन. दूध आटलं होतं माझं. एवढी वर्षं जपून ठेवलेत ते शब्द?"

"त्याच्याबरोबर तू दुसरं काही दिलंच नव्हतंस."

मापित्सोने हातातलं कणीस निखाऱ्यांवर टाकलं. मग तिचाही तोल गेला. "माझ्या पित्सोचं हाडसुद्धा मिळालं नाही मला. तुमचा तर समोर हिंडतोय, रोज डोळ्यांना दिसतोय. तेवढं तरी आहे ना तुमच्याकडे?"

माथुसो घराकडे वळली. समोर हिंडतोय, हेच तर भोगायचं होतं. मापित्सोचं दुःख खोटं असतं तर तिला मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या. तेही सुख मिळालं नाही.

अंगावरचा गेरू उतरल्यावर तो पुन्हा कामाला लागला. आता त्याला गोठ्याशी बसायला जागा होती, सगळे पित्सो म्हणत होते, आणि त्या हाकेला तो सहज वळत होता. निजायला मोएकेत्सीकडे जायचा. पाहुण्यांना घेऊन पहिल्यांदा तिच्या दारात आला तेव्हा तट्टाच्या पलीकडेच उभा राहिला.

"काकू," तो म्हणाला, "सहा जण आहेत. दोघं मांस खात नाहीत."

काकू. नात्याने बरोबरच होतं. चुलत्याची बायको ती काकूच. माथुसोने पाणी तापत ठेवलं, जेवण केलं, पाहुणे आत गेल्यावर बाहेर आली. तो जीन उतरवत होता.

"तुला विचारलं होतं का रे?"

त्याने न समजल्याचं सोंग केलं नाही. "विचारलं होतं."

"मग काय म्हणालास?"

"म्हणालो, बापाला योग्य वाटेल ते." जीनचा पट्टा त्याने हाताभोवती गुंडाळला, परत सोडला. "नाही म्हणायचं म्हणजे वर भांडण. तसाच खाली उतरलो असतो, पोरगा म्हणून. पुन्हा कोणीतरी म्हणालं असतं, तट्टू धर."

"आणि ती राख? तीही बापानेच सांगितली होती?"

"वरचं मला बोलता येत नाही, काकू," तो म्हणाला, आणि तट्टाला पाण्यावर घेऊन गेला.

तिने पुढे विचारलं नाही. खोआबानेने नावाची गोष्ट सांगायचं सोडून दिलं. पाहुण्यांना तो आता नुसतं म्हणायचा, की ही बाई फार चांगली दारू करते. गावातल्या हाका मात्र चालूच राहिल्या, कारण बाईचं नाव बदलत नाही. बदलतं ते पोराचं. माथुसो, पाणी आहे का. माथुसो, उद्या पाहुणे आहेत का. ती ओ देत होती. दिवसभर काम होतं, आणि काम असलं की माणूस मरत नाही, एवढाच काय तो कामाचा उपयोग.

पुढची थंडी सरत आली असताना एका दुपारी मोएकेत्सी आणि मापित्सो तिच्या दारात आले. मागे पित्सो होता. मापित्सोच्या पाठीला एक तान्ही पोर बांधलेली होती. ती त्यांची लेक पुलेंग हिची. पुलेंगला नवरा नव्हता, आणि आता मासेरूला शिलाईच्या कारखान्यात तिला काम लागलं होतं, हे गावाला माहीत होतं. मोएकेत्सीने टोपी काढली. तो बराच वेळ पावसाचं, गुरांचं बोलला. मग मुद्द्यावर आला.

"वहिनी, आम्ही घरात बोललो. तुमच्या मनाला लागलंय ते आम्हाला दिसतं. आम्ही काही दगड नाही. ही पोर घ्या. दूध सुटलंय, त्रास नाही तिचा. हिचं नाव थुसो ठेवू. मुलीला ठेवतात तसं, चालतं."

"तुमचं घर भरेल, ताई," मापित्सो म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. टोमणा नव्हता त्यात. तिने पाठीवरची गाठ सोडली आणि पोरीला पुढे घेतलं.

पोरगी गोल तोंडाची होती, नाक वाहत होतं. तिने माथुसोकडे बघितलं, आणि हात पुढे करून तिच्या घोंगडीचं टोक मुठीत धरलं. माथुसोचा हात आपोआप गेला. पोरीचे पाय गार पडले होते. तिने ते तळहातात धरले, घोंगडीच्या टोकाने झाकले. कसं घ्यायचं, कुठे धरायचं, हे हातांना सगळं आठवत होतं. पित्सो दाराबाहेर उभा राहून तिच्या हातांकडे बघत होता.

"किती वर्षांसाठी?" माथुसोने विचारलं.

मोएकेत्सीला कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे परत न्यायला कधी याल? आत्ताच सांगून ठेवा, भावजी. तेवढाच जीव लावते."

मोएकेत्सीने टोपी डोक्यावर घातली. मापित्सो वाकली, पण पोरगी घोंगडीचं टोक सोडेना. तेव्हा तिने तिचं एकेक बोट उघडून ते सोडवलं, आणि पोरीला पाठीशी बांधून घेऊन गेली.